भुसावळात भुसा, भरितात तरी: शब्दशोधातले न पेरलेले शब्द

शब्दशोध म्हणजे अक्षरांच्या चौकटीत पेरलेले, म्हणजे मुद्दाम लपवलेले, यादीतले शब्द आडवे, उभे, तिरपे, सुलटे-उलटे शोधण्याचा खेळ. त्यासाठी 'भुसावळ' चार घरांत लिहा: भु, सा, व, ळ. डावीकडून वाचलं तर त्यात भुसा आहे, साव आहे, वळ आहे. उजवीकडून वाचलं तर वसा. यादीत फक्त भुसावळ, बाकीचे चार शब्द त्याच्या पोटात आपोआप उगवलेले. जामनेरमध्ये जाम दिसतो, आणि उलटं वाचलं की नेम आणि मजा. वरणगावात वरण आहे, बोदवडात दव आहे. नद्यांची नावं घेतली तर पांझरेत झरा, बुराईत राई आणि गोमाईत माई. नंदुरबारची तर कमाल: शेवटचं बार सुलटंही वाचता येतं, आणि त्याच बा पासून मागे गेलं तरी बारच.

यादीतले शब्द शोधून झाले की बहुतेक लोक कागद बाजूला ठेवतात. पुढचा, जास्त चुरशीचा खेळ तिथून सुरू होतो. फक्त तो भांडण न होता व्हायचा असेल, तर दोन गोष्टी आधी ठरलेल्या हव्यात: एक घर म्हणजे काय, आणि शब्द कशाला म्हणायचं.

एका घरात एक अक्षर

हा खेळ १९६८ साली अमेरिकेत ओक्लाहोमामधल्या एका जाहिरातपत्रात छापला गेला, तो रोमन लिपीत. तिथे एका घरात एक लेटर, विषय संपला. देवनागरीत घर भरायचं ते पूर्ण अक्षराने: व्यंजन, त्याचा काना-मात्रा-वेलांटी-उकार, त्याच्यावरचा अनुस्वार, आणि जोडाक्षर असेल तर ते सगळं एकत्र. म्हणजे मुक्ताईनगर: मु, क्ता, ई, न, ग, र. सहा घरं. रफार पुढच्या अक्षराचा, मागच्याचा नव्हे. 'वर्ष' दोन घरांत बसतं, व आणि र्ष. मुलं हमखास व, र, ष असं तोडतात आणि मग तीन घरांचा शब्द शोधत बसतात.

मोबाइलवरची किंवा संगणकावरची तयार कोडं बनवणारी साधनं इथेच घोटाळा करतात. त्यांच्या लेखी व्यंजन वेगळं, मात्रा वेगळी, हलन्ताची खूणही वेगळी. भुसावळची लांबी एक्सेलच्या लांबी मोजणाऱ्या सूत्राला विचारली तर ते ६ सांगतं, आपली घरं मात्र ४. मुक्ताईनगर १० आणि ६. अशा साधनातून बाहेर पडलेल्या चौकटीत ठिपक्यांच्या गोलाला लटकलेल्या सुट्या वेलांट्या दिसल्या, तर तो कागद फेकूनच द्या, दुरुस्त करायला जाऊ नका. एक्सेल किंवा गुगल शीटमध्ये प्रत्येक घरात स्वतः अक्षर टाइप करणं हाच भरवशाचा मार्ग. नाहीतर गणिताची चौकटीची वही आहेच.

लेखन एकच ठरवा. 'खान्देश' तीन घरांचा (खा, न्दे, श), 'खानदेश' चारांचा. दोन्ही लिहिलेले सापडतात, पण कोड्यात एकच. 'नंदुरबार'मधला दु ऱ्हस्व, 'शिरपूर'मधला पू दीर्घ. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार मराठीच्या नियमाप्रमाणे दीर्घच धरायचा. 'चालतंय की, ऱ्हस्व काय नि दीर्घ काय' अशी सूट एकदा दिली की न पेरलेल्या शब्दांची मोजणी हाताबाहेर जाते.

अहिराणी शब्द घेताना

खान्देशातल्या चौकटीत अहिराणी नसेल तर ती पुण्यात बनवली काय आणि इथे बनवली काय, सारखंच. पण अहिराणी घेताना एक मजा होते: कितीतरी शब्द दिसायला प्रमाण मराठी आणि अर्थाने दुसरेच. 'कथा' म्हणजे गोष्ट, अहिराणीत मात्र 'कुठे'. 'शेत' म्हणजे वावर, अहिराणीत 'आहेत' (काही गावांत शेतस). 'शे' मराठीत शंभर, अहिराणीत आहे. मराठी ळ अहिराणीत बहुतेक ठिकाणी य होतो, त्यामुळे काळा होतो काया, माळा होतो माया, गळा होतो गया, डोळा होतो डोया आणि डाळ होते डाय. काया आणि माया ही जोडी चौकटीत सापडली की संतवाणी आठवणारे आणि घरातलं बोलणं आठवणारे, दोघेही बरोबर असतात.

यादीत घ्यायला सोपे आणि पक्के शब्द: आंडोर (मुलगा), आंडेर (मुलगी), बठ्ठा (सगळा), मन्हा (माझा), तुन्हा (तुझा), जीभाऊ (आदराची हाक), आखाजी (अक्षय्य तृतीयेचा सण), कानबाई (खान्देशातली देवी). आंडोर आणि आंडेर एकाच चौकटीत घेतले तर पहिलं आणि शेवटचं अक्षर सारखं, फरक फक्त मधल्या डो-डे चा. शोधणारा आंडोर सापडला म्हणून गोल करतो आणि तो निघतो आंडेर. मुद्दाम फसवायचं असेल तर ही जोडी सोडू नका.

बोली गावागणिक बदलते. यावल-रावेरकडची लेवा गणबोली, साक्री-धुळ्याकडची अहिराणी, सातपुड्यातल्या पावरा आणि भिल्ली बोली, या सगळ्या एका यादीत कोंबल्या तर प्रत्येक जण दुसऱ्याचा शब्द चुकीचा ठरवतो. एका चौकटीला एक बोली. आणि ज्या वळणाने शब्द लिहिला तोच यादीत, अर्थासकट, छापा. 'मन्हा' की 'मना' हा वाद खेळ सुरू होण्याआधी मिटलेला बरा.

चौकट लावायची कशी

घरच्या चार जणांसाठी १० × १० पुरेशी. शब्द १२ ते १५, त्यांची मिळून ४५ ते ५५ घरं व्हावीत, म्हणजे साधारण अर्धी चौकट. याहून कमी पेरले तर शोधणारा ओसाड माळावर फिरतो. याहून जास्त झाले तर शेवटचे दोन-तीन शब्द बसतच नाहीत आणि सगळं खोडून पुन्हा मांडावं लागतं. तिसरी-चौथीच्या मुलांसाठी ८ × ८, आठ शब्द, जोडाक्षर नको, दिशा दोनच: डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली.

सर्वांत लांब शब्द आधी. मुक्ताईनगर, चाळीसगाव, अक्कलकुवा यांना जागा मिळाली की तीन घरांचे शब्द त्यांच्या अक्षरांना अडकवत जा. दोन शब्दांनी एक घर वाटून घेतलं की चौकट घट्ट होते आणि न पेरलेले शब्द वाढतात. मात्र यादीत 'गाव' हा शब्द ठेवून शेजारी जळगाव, भडगाव, धडगाव लावू नका. गाव चार ठिकाणी सापडेल आणि यादीतलं खरं कोणतं यावर कुणाचंच एकमत होणार नाही.

मग उरलेली घरं. इथे सर्वांत जास्त चुका होतात. मनात येईल ती बाराखडी भरली तर चौकटीत घौ, ठै, झृ असले प्राणी बसतात. डोळा त्यांच्यावरून घसरतो आणि पेरलेले शब्द आपोआप उठून दिसतात. भरणीची अक्षरं पेरलेल्या शब्दांतूनच घ्या. त्यातली निम्मी तरी साधी, मात्रा नसलेली असू द्या: र, स, न, क, म, व, त, ल. उरलेल्यांत का, ना, रा, वा, ता, सा. यांच्या जोड्यांतून दोन अक्षरी मराठी शब्द सर्वांत जास्त तयार होतात. शाळेतल्या स्पर्धेसाठी न पेरलेले शब्द नकोच असतील तर उलट करा: भरणीत अनुस्वाराची आणि जोडाक्षरांची घरं वाढवा. क्ता किंवा रं शेजारी आलं की दोन घरांचा शब्द जुळणं अवघड होतं.

सगळे शब्द अहिराणी असतील तर भरणीत ळ टाकू नका, ण सुद्धा टाळा. अहिराणीत ळ चा य होतो, ण चा बहुधा न होतो (पाणीचं पानी), म्हणून हे दोन दिसले की हुशार मुलगा ती घरं लगेच काट मारून मोकळा होतो.

आकडा एकदा लक्षात घ्या, मग तपासणी का लागते ते कळेल. १० × १० च्या चौकटीत आठही दिशा धरल्या तर सलग दोन घरं ६८४ प्रकारे वाचता येतात, तीन घरं ५७६ प्रकारे आणि चार घरं ४७६ प्रकारे. एवढ्या वाटांवर काय काय उगवलंय ते कागदाकडे नुसतं बघून दिसत नाही.

एक लहान चौकट, पूर्ण उलगडून

भ | री | त | वा | जा
आ | स | र | व | म
खा | भा | क | र | ने
जी | न | पा | था | र
म | का | शी | न | स

पेरलेले शब्द सात: भरीत (पहिली ओळ), वावर (चौथा रकाना, वरून खाली), भाकर (तिसरी ओळ), कपाशी (मधल्या क पासून खाली), जामनेर (शेवटचा रकाना), आखाजी (पहिला रकाना) आणि कथा (मधल्या क पासून तिरपं, उजवीकडे खाली). यांनी १८ घरं व्यापली. भरणीची घरं फक्त ७: दुसऱ्या ओळीतले स आणि र, चौथ्या ओळीतला न, शेवटच्या ओळीतले म, का, न, स.

आता उलटं वाचा. भरीत मागून आलं की तरी. शेवभाजीवर तरंगते तीच. सुलटं वाचताना त्यातच रीत आहे. कपाशी खालून वर वाचताना पाक. भाकरीत भाक, म्हणजे शपथ. त्याच पहिल्या ओळीत त आणि वा जवळ आले म्हणून तवा, आणि तवा उलटा केला की वात. तळाच्या ओळीत मका, उलटं वाचलं की काम. त्याच ओळीत काशीही आहे, पण विशेषनाम चालतं का, हा प्रश्न मग येतोच.

दुसरा रकाना सर्वांत सुपीक: री, स, भा, न, का. वरून खाली सभा, भान, नका. खालून वर कान, भास, सरी. त्याच स पासून तिरपं डावीकडे खाली गेलं तर सखा, आणि उलट दिशेने खास. आ पासून वर तिरपं आरी, खाली तिरपं आभा. चौथ्या ओळीच्या सुरुवातीला जीन, म्हणजे घोड्याचा खोगीर, सारंगखेड्याच्या घोडेबाजारात विचारा. कापसाच्या जिनिंगमधला जि ऱ्हस्व, म्हणून तो अर्थ इथे सांगून गुण मागायचे नाहीत.

चाळीसच्या वर दोन अक्षरी शब्द या पंचवीस घरांत आहेत. तीन अक्षरी मात्र दुर्मीळ. नीट शोधलं तर वरच्या उजव्या कोपऱ्यातून तिरपं खाली: जा, व, क. जावक! कचेरीतल्या आवक-जावक नोंदवहीतला. मधल्या क पासून सरळ वर 'करत' मिळतो, पण ते क्रियापदाचं रूप. दुसऱ्या ओळीत उजवीकडून 'वरस' दिसतो. नवापूरकडे गुजराती कानावर पडणारा माणूस तो लगेच उचलेल, कारण गुजरातीत वरस म्हणजे वर्ष. मराठी चौकटीत मोजायचा की नाही, ते तुमच्या नियमावर.

शब्द कशाला म्हणायचं

नियम जितके कमी तितके बरे, पण हे एवढे खेळाआधी कागदाच्या वरच लिहा. शब्दकोशात मूळ रूपात असेल तो शब्द. म्हणजे कान, बाई चालतात, 'करत' नाही, आणि 'नका'वर वाद घालायचा असेल तर नियम दाखवून तो तिथेच संपवायचा. गावांची, नद्यांची, माणसांची नावं न पेरलेल्यांत धरायची नाहीत. एकच शब्द दोन ठिकाणी सापडला तरी गुण एकदाच. वरच्या चौकटीत पान आणि रस असे दोनदा आहेत.

आणि अर्थ सांगता आलाच पाहिजे. हा नियम नसेल तर मुलं कोणतीही दोन अक्षरं जोडून 'जुना शब्द आहे' म्हणतात. खरे जुने शब्द निघतातही: रव म्हणजे आवाज, वाम म्हणजे डावा, तव म्हणजे तुझा, नग म्हणजे डोंगरही, कच म्हणजे केस, रद म्हणजे दात, मख म्हणजे यज्ञ, खग म्हणजे पक्षी. निवाड्यासाठी मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. मोबाइलवर तपासायला काही क्षण पुरतात. मोल्सवर्थमध्ये बरंच जुनं लेखन आहे, म्हणून एका वळणाने नाही सापडला तर अनुस्वार घालून किंवा इकार बदलून पुन्हा बघा, पण गुण द्यायचे ते चौकटीतल्या आजच्या लेखनाला.

अहिराणी शब्द अशा कोशांत क्वचितच सापडतो. तिथे साधा उपाय: दोन वेगवेगळ्या गावच्या माणसांनी, एकमेकांना न विचारता, तोच अर्थ सांगितला की शब्द पक्का. घरात आजी एका गावची आणि मामी दुसऱ्या गावची असली तर निवाडा घरबसल्या.

गुणांची एक चालणारी पद्धत: यादीतल्या प्रत्येक शब्दाला २, न पेरलेल्या दोन अक्षरीला १, तीन अक्षरीला ४, चार अक्षरीला ८. मराठीत एक आणि अहिराणीत दुसरा अर्थ असलेला शब्द कुणी दोन्ही अर्थांसकट सांगितला तर वर १. दोन अक्षरींना १ पेक्षा जास्त देऊ नका. नाहीतर सगळे त्यांच्याच मागे लागतात आणि जावक तसाच राहतो.

शोधताना

ण आणि ळ पासून मराठीत शब्द सुरू होत नाही. ते दिसले की शब्द तिथे संपतोय किंवा मधून जातोय असं समजून आठही बाजूंना मागे मागे वाचा. सुटा ई किंवा ऊ बहुधा शेवट असतो: बाई, राई, भाऊ, जावई. सुटा अ किंवा आ बहुधा सुरुवात. जोडाक्षर म्हणजे आयती खुंटी. क्क दिसला की अक्कल आहे का बघायचं, आणि पुढे कुवा आहे का.

न पेरलेल्यांसाठी पद्धत वेगळी. प्रत्येक ओळ मोठ्याने वाचा, मग उलटी. कागद पाव वळण फिरवून रकाने तसेच. शेवटी कागद तिरपा धरून कर्ण. कर्ण लोक सोडून देतात, आणि नवे शब्द तिथेच जास्त राहतात. सुलटं-उलटं सारखं वाचता येणारे शब्दही ध्यानात असू द्या: कणिक, कडक, नवीन, रबर, जहाज, समास, मध्यम, वाहवा. आणि उलटवले की दुसरा शब्द देणारे: नदी-दीन, सदा-दास, रवा-वार, वडा-डाव, जरा-राज, लता-ताल, कडा-डाक. यातला एक सापडला तर दुसरा तिथेच असतो, वेगळं शोधावं लागत नाही. भरणी करणाऱ्यानेही ही यादी जवळ ठेवावी.

छापण्याआधी

ए-४ कागदावर १० × १० साठी १५ मिलिमीटरचं घर घ्या, चौकट १५ सेंटिमीटरची होते आणि दोन्ही बाजूंना बोटं ठेवायला जागा उरते. अक्षर २० ते २४ पॉइंट. घराची उंची कमी पडली तर वरचा अनुस्वार आणि खालचा उकार कापला जातो, मग पूर चा पर होतो आणि यादीतला शब्द सापडतच नाही. शिरोरेघेकडेही बघा: रेघ घराच्या दोन्ही कडांना भिडली की आडव्या ओळीतली अक्षरं जोडून सलग शब्दासारखी दिसतात, आणि आडवे शब्द फुकट सापडतात. दोन घरांमध्ये रेषा छापा किंवा मोकळी जागा सोडा. 'ऱ्हायना'सारखा शब्द असेल तर ऱ हे वेगळं अक्षर वापरून टाइप करा. साधा र घेतला तर ह वर रफार चढतो आणि पहिलं घर चुकीचं होतं.

शेवटची तपासणी शिव्यांची. साध्या अक्षरांच्या भरणीत दोन-तीन अक्षरी शिवी हमखास उगवते, आणि खान्देशात मराठी, अहिराणी, हिंदी, गुजराती अशा चार भाषांच्या शिव्या कानाला ओळखीच्या असतात. चौकट बनवणाऱ्याला स्वतःला ती दिसत नाही, कारण त्याचे डोळे पेरलेल्या शब्दांवर असतात. शाळेत वाटायच्या आधी कागद दुसऱ्या भाषेच्या घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला आठही दिशांनी वाचायला द्या. सापडली तर पेरलेल्या शब्दाला हात न लावता भरणीचं एकच अक्षर बदला, आणि त्या अक्षरातून जाणाऱ्या आठही वाटा पुन्हा वाचा. एक काढताना दुसरी तयार होते.